सुभद्रेने फेडलेले कर्ज

मिरजेच्या इतिहासात १९०५ हे साल दोन वेळा लिहून ठेवायला हवे. त्या वर्षी मे महिन्यात या गावात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या घरी मुलगी जन्मली. तिचे नाव चंपाकली. त्याच वर्षी याच गावात, किर्लोस्कर नाटक मंडळीत नुकताच दाखल झालेला सतरा वर्षांचा एक मुलगा शकुंतला होऊन पहिल्यांदा प्रेक्षकांपुढे उभा राहिला. नारायण श्रीपाद राजहंस हे त्याचे नाव. महाराष्ट्राने त्याला बालगंधर्व म्हटले, आणि पुढची कितीतरी वर्षे बाईने पदर कसा सावरावा, कसे रुसावे, कसे लाजावे हे महाराष्ट्र त्यांच्याकडून शिकत राहिला. चंपाकली मोठी होऊन हिराबाई बडोदेकर झाल्या. बाईची भूमिका बाईने करावी, पुरुष नटांच्या बरोबरीने करावी आणि ती पाहायला घरातल्या लेकीसुनांनी निःसंकोच यावे, यासाठी त्यांनी व त्यांच्या घराने नाटक कंपनी काढली. कंपनी चार-पाच वर्षे चालली, कर्जात गेली आणि बंद पडली.

हिराबाईंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक त्यांच्या गाण्याविषयी. ते स्वाभाविकही आहे. त्यात नाटक कंपनीचे प्रकरण चार ओळींत उरकते: कंपनी काढली, तोटा आला, कर्ज झाले, ते बाईंनी मैफली करून फेडले. मी आयुष्यभर बँकेत कर्जखाती सांभाळली. म्हणून असेल, कुणाच्याही चरित्रात असे वाक्य आले की माझे बोट तिथे थांबते. कर्ज कशापायी झाले, तारण काय होते, फेड कशातून झाली आणि ज्यासाठी ते काढले त्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न माझ्या मनातून जात नाहीत. हा लेख त्या चार ओळींविषयी आहे.

आधी मुलखाविषयी थोडे. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची दोन संस्थाने, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले, तसे काही मराठीत करण्यास विष्णुदास भावे यांना सांगितले, आणि १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे राहिले. मराठी रंगभूमीची मोजदाद आपण तिथपासून करतो. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली या भागाचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. कागदोपत्री जिल्हे वेगळे झाले तरी कृष्णाकाठची माणसे, नाती आणि करमणुकीच्या आवडी एकच राहिल्या. माझ्या नोकरीची निम्मी वर्षे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या शाखांत गेली, तेव्हा हे मला रोजच्या रोज दिसत असे.

भाव्यांच्या नाटकातली सीता मुलगाच होता, हे सांगायला नको. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले, १८८२ साली 'सौभद्र' आले, रंगभूमी संगीताने भरून गेली, तरी शकुंतला आणि सुभद्रा पुरुषच राहिल्या. स्त्रिया रंगभूमीवर नव्हत्याच असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या निघू लागल्या. बेळगावकर, सातारकर अशी गावांची नावे लावून त्या फिरत. तिथे उलटा न्याय होता. सगळ्या भूमिका स्त्रियाच करत, अर्जुनही स्त्री आणि सुभद्राही स्त्री. पण या स्त्रिया बहुतकरून नाच-गाण्याची परंपरा असलेल्या घरांतून आलेल्या. प्रतिष्ठित घरांतला पुरुष त्यांचे नाटक पाहून येई आणि घरी त्याचा उल्लेख करत नसे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामे केली. हीच कमला पुढे कमलाबाई गोखले या नावाने रंगभूमीवर गाजली. म्हणजे वाट अगदी अनोळखी नव्हती. पण त्या वाटेने जाणाऱ्या बाईला परत घरात यायला दार उघडे असेल, याची खात्री कुणी देत नव्हते.

हे आपल्याकडेच होते असे समजायचे कारण नाही. शेक्सपिअरची ज्युलिएट आणि डेस्डिमोना ही मिसरूड न फुटलेल्या मुलांनीच उभी केली. इंग्लंडात १६४२ ते १६६० या काळात नाट्यगृहे बंद होती. ती पुन्हा उघडली तेव्हा स्त्रिया रंगमंचावर आल्या, आणि दुसऱ्या चार्ल्स राजाने स्त्रियांची कामे स्त्रियांनीच करावीत असे सनदेत घालून दिले. तरीसुद्धा एडवर्ड किनॅस्टन नावाच्या नटाने घेतलेले स्त्रीरूप खऱ्या बायकांपेक्षा देखणे होते, असे म्हणणारे प्रेक्षक लंडनमध्ये होतेच. तिथे हा बदल राजाच्या हुकमाने पक्का झाला. आपल्याकडे असा हुकूम कुणी काढला नाही. इथे घराघराला आपल्या हिमतीवर तो करावा लागला, आणि त्यातल्या एका घराला त्यासाठी कर्जात बुडावे लागले.

ते घर मुळातच रूढ चौकटीत न बसणारे होते. हिराबाईंच्या आई ताराबाई या बडोद्याचे सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारी असताना ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकल्या. शिष्या आणि गुरू यांचे मन जुळले, आणि धर्म, दर्जा, दरबार सगळे मागे टाकून दोघांनी बडोदे सोडले. मुंबईमार्गे ते मिरजेला आले. मिरजेत खाँसाहेबांना प्लेगने गाठले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाण्याची सेवा केल्याने आपण बरे झालो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यानंतर त्यांचा मुक्काम कुठेही पडला तरी मिरजेशी जडलेले नाते तुटले नाही. तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या या गावात, तंबोऱ्याच्या जवारीइतका नेमका सूर लावू पाहणारा हा गवई राहिला, हा योग मोठा आहे.

पाच मुले झाली. अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, अब्दुल हमीद आणि सकीना. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. शिष्य वाढले, नाव झाले. पण संसार टिकला नाही. १९२२च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. आणि मग त्यांनी जे केले ते मला फार विलक्षण वाटते. त्यांनी मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, अब्दुल हमीदचे कृष्णराव माने, चंपाकलीच्या हिराबाई, गुलाबच्या कमलाबाई, सकीनाच्या सरस्वतीबाई. मुलींना आडनाव लागले बडोदेकर, आईच्या गावाचे.

बँकेत खाते उघडताना नावाचा रकाना पहिला असतो. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. आम्ही तो सहज भरून घेतो. एका बाईने पाच मुलांचे रकाने पुसून पुन्हा भरले, आणि तेही १९२० नंतरच्या त्या वर्षांत, ही काय हिंमत असेल ते त्या रकान्यांशी रोज व्यवहार करणाऱ्यालाच कळेल. गवयाच्या घरची मुले म्हणून मिळणारी ओळख त्यांनी सोडली आणि नव्या नावांना नवी ओळख मिळवून देण्याची जबाबदारी मुलांवर टाकली. पुण्यात ताराबाईंनी नूतन संगीत विद्यालय सुरू केले.

हिराबाईंचे गाणे घडले ते थोरले बंधू सुरेशबाबू आणि किराणा घराण्याचे दुसरे श्रेष्ठ उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्या हाताखाली. वहीद खाँ म्हणजे संथ आलापीचा डोंगर. एकेका स्वरावर मुक्काम करून राग उलगडण्याची ती रीत हिराबाईंच्या गोड, निर्मळ गळ्यातून आली तेव्हा ऐकणाऱ्यांना ती वेगळीच वाटली. विष्णू दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या मुंबईतल्या संगीत परिषदेत त्या गायल्या तेव्हा त्यांचे वय सोळा-सतरा होते. हे पलुसकर मूळचे याच मुलखातले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे शिक्षण झाले होते. गाण्याला आणि गवयाला समाजात मान मिळावा म्हणून त्यांनी जन्मभर झटून काम केले. बाईच्या गाण्याला तसा मान मिळवून देण्याचे काम हिराबाईंच्या वाट्याला आले.

ते त्यांनी कसे केले हे पाहण्यासारखे आहे. तोवर बाईचे गाणे म्हणजे बैठक. श्रोते निवडक, पुरुष, पैसेवाले. गाणाऱ्या बाईने हातवारे करावेत, भाव दाखवावेत, एखाद्या श्रोत्याकडे पाहून ओळ घ्यावी, दाद घ्यावी, असा रिवाज. हिराबाईंनी मैफल तिकीट लावून केली. तिकीट लावून मैफल करणारी पहिली स्त्री हा मान त्यांच्याकडे जातो. तिकिटामुळे एक मोठी गोष्ट घडली. बाईचे गाणे ऐकायला कुणाच्या दिवाणखान्याचे निमंत्रण लागेनासे झाले. तिकीट काढणारा शिक्षक आणि तिकीट काढणारा सावकार सारखाच श्रोता झाला, आणि दोघांना आपल्या बायकोला बरोबर आणता येऊ लागले. हिराबाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, तंबोऱ्यांच्या मध्ये ताठ बसत. हातवारे नाहीत, मुद्रा नाहीत, जे काही सांगायचे ते सुरातून. आधी ख्याल, मग ठुमरी, नाट्यपद, शेवटी भजन असा त्यांच्या मैफलीचा क्रम असे. आज आपल्याला हा क्रम नेहमीचा वाटतो, कारण तो त्यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी नेहमीचा करून ठेवला.

ध्वनिमुद्रिका निघू लागल्या होत्या. हिराबाईंच्या तबकड्या घरोघरी गेल्या. म्हणजे १९२९ साली हिराबाई चोवीस वर्षांच्या होत्या, मैफलींना मागणी होती, नाव होते, उत्पन्न होते. अशा वेळी कोणताही सावध माणूस आहे ते सांभाळेल. या घराने नेमक्या त्याच वर्षी नूतन संगीत नाटक मंडळी सुरू केली.

कंपनीत सगळे घरच उतरले. हिराबाई, सुरेशबाबू, कमलाबाई, अजून लहान असलेल्या सरस्वतीबाई. 'सौभद्र', 'संशयकल्लोळ' ही जुनी लोकप्रिय नाटके तर केलीच, शिवाय 'साध्वी मीराबाई', 'युगांतर' यांसारखी नाटकेही केली. हिराबाईंची सुभद्रा आणि मीरा यांची आठवण जुन्या पिढीने पुष्कळ वर्षे जपली. गळ्याने त्या भूमिका जिंकणार यात शंकाच नव्हती. पण प्रश्न गळ्याचा नव्हता. त्या वेळी बालगंधर्व एक्केचाळीस वर्षांचे होते, अंगाने भरले होते, तरी त्यांच्या सुभद्रेला तोड नव्हती. मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांत बाईची जी मूर्ती बसली होती ती पुरुषाने घडवलेली होती. तिच्यापुढे खरी चोवीस वर्षांची बाई उभी राहिली तर ती कमी बायकी वाटण्याचा धोका होता! खऱ्या बाईला आपण बाई आहोत हे पटवून द्यावे लागावे, अशी ती विचित्र स्पर्धा होती. हिराबाई त्या स्पर्धेत पडल्या नाहीत. लाडिकपणा, लटका राग या बालगंधर्वांच्या खास हुकमी जागा. हिराबाईंनी त्या जागा त्यांच्याकडेच राहू दिल्या आणि मैफलीत जशा बसत तशाच संयमाने रंगमंचावर वावरल्या.

आता हिशेबाकडे वळू. नाटक कंपनी हा बँकेच्या दृष्टीने फार अवघड धंदा. मी नोकरीत असताना गावोगाव फिरणाऱ्या करमणुकीच्या धंद्यांचे कर्ज-अर्ज पाहिले आहेत, त्यावर शेरेही लिहिले आहेत. तारणाला काय, तर रंगवलेले पडदे, कपडे, खोटे दागिने, पेटी, तबला, दिवे. आज घेतलेला मखमली पडदा उद्या विकायला काढला तर चतुर्थांश किंमत येत नाही. खर्च मात्र रोजचा. त्या काळच्या कंपन्या म्हणजे फिरते गावच. नट, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, त्यांची बायकामुले, सगळ्यांचे जेवण आणि राहणे कंपनीकडे. गाव बदलले की सामानाचे वाघीणभाडे, थिएटरचे भाडे, जाहिराती. पावसाळ्यात खेळ कमी, पण चुली रोजच पेटणार. उत्पन्न येणार ते रात्रीच्या तिकीट-खिडकीवर. एका गावात पटकी आली, एका गावात पीक बुडाले, एखादा नट आजारी पडला, की महिन्याचा ताळेबंद उलटलाच.

त्यात या कंपनीची वेळ फारच वाईट. १९२९च्या अखेरीस जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले. १९३१ साली 'आलमआरा' बोलू लागला. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. कोल्हापूर, सांगली, मिरज, सातारा, पुणे हा नाटक कंपन्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दौरा. त्याच गावांतली थिएटरे एकामागून एक पांढरे पडदे लावू लागली. काही आण्यांत बोलणारा, गाणारा, तोच खेळ दिवसाला दोनदा दाखवणारा प्रतिस्पर्धी उभा राहिला. १९३३च्या सुमारास नूतन संगीत नाटक मंडळी थांबली. मागे कर्ज राहिले.

आणि मग हिराबाई गात राहिल्या. गाव मिळेल तिथे, बोलावणे येईल तिथे, मैफलीमागून मैफल करून त्यांनी ते कर्ज फेडले. ज्या गळ्याचे उत्पन्न त्या घराने कंपनीत ओतले होते त्याच गळ्याने कंपनीचे देणे चुकवले. माझ्या भाषेत सांगायचे तर या खात्याला तारण एकच होते, आणि ते कुणाला जप्त करता येण्याजोगे नव्हते. कंपनी बंद पडली की मालकाने हात वर करावेत, देणेकऱ्यांनी दारे ठोठावावीत, हे नेहमीचे. मी असे कर्जदार पाहिले आहेत जे पैसे असूनही देत नाहीत, आणि असेही पाहिले आहेत ज्यांना देता येत नाही म्हणून झोप येत नाही. हिराबाई दुसऱ्या जातीच्या. त्यात एक व्यवहारही होता, आणि तो त्यांना कळत असला पाहिजे. नाटकातल्या बाईने पैसे बुडवले असे कुणाला म्हणता आले असते, तर त्यांच्या मागून येणाऱ्या प्रत्येक बाईला ते ऐकावे लागले असते.

या बाबतीत बालगंधर्व त्यांचे सोबती ठरतात. गंधर्व नाटक मंडळी लाखांच्या घरातल्या कर्जात गेली होती. बालगंधर्वांनीही ते नाकारले नाही, वर्षानुवर्षे खेळ करून ते वारले. पुढे पुन्हा उतरती कळा लागली, आणि १९३८ साली त्यांच्याकडे गोहरबाई कर्नाटकी आल्या. ज्यांनी महाराष्ट्राला बाई कशी असते ते दाखवले त्यांच्याच कंपनीत शेवटी बाईची भूमिका बाई करू लागली. पॅरिसच्या सारा बर्नार्डची गोष्ट फार वेगळी नाही. युरोपची सर्वांत गाजलेली ही नटी नाट्यगृहे चालवण्याच्या नादात कर्जात गेली, दागिने विकले आणि परदेशांचे दौरे करून देणी भागवली. १८९९ साली तिने हॅम्लेटही केला. आपल्याकडे पुरुष सुभद्रा करत होते तेव्हा तिकडे एक बाई डेन्मार्कचा राजपुत्र होऊन उभी होती! रंगभूमीवर अडले ते अंगात कुणाचे कपडे घालायचे यावर कधीच नव्हते. हिशेबाच्या वहीवर सही कुणाची, हा खरा प्रश्न होता. सारा बर्नार्ड आणि हिराबाई या दोघींनी ती सही करण्याची जोखीम पत्करली.

पण इथे थांबले तर हा लेख फार गोड होईल. हिराबाईंनी मिळवलेल्या प्रतिष्ठेला किंमत होती आणि तिचा काही भाग दुसऱ्यांनी भरला, हेही लिहिले पाहिजे. त्यांनी बाईच्या गाण्यातले हातवारे, अदा, भाव दाखवणे काढून टाकले आणि गाणे घरंदाज झाले. पण ज्या स्त्रियांची कलाच अदा आणि भाव यांत होती त्यांचे काय झाले? साताऱ्याकडे पाहा. हिराबाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजात जन्मल्या. वाईच्या या बाई बैठकीची लावणी गात. बसल्या जागी, केवळ चेहऱ्याने आणि हातांनी एकेक ओळ पुन्हा पुन्हा फुलवत. त्यांच्या गळ्यालाही रागदारीची जाण होती. मात्र त्यांचे गाणे ऐकायला मध्यमवर्गीय घरातली सून तिकीट काढून गेली नाही. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यावर. २०१८ साली त्या गेल्या. एका बाईने ताठ बसून मिळवलेला मान हा दुसऱ्या बाईला मोजण्याचा गज झाला. यात हिराबाईंचा दोष नाही. त्यांना मिळालेल्या जगात त्यांना ताठच बसावे लागले. दोष मोजणाऱ्यांचा, म्हणजे आपला श्रोत्यांचा.

मी १९८०च्या दशकात साताऱ्यात बँकेच्या काउंटरमागे बसू लागले तेव्हा अधिकारी म्हणून बाई पाहायची गावाला सवय नव्हती. पहिले काही महिने मी साडी कशी नेसते, हसते किती, बोलते कशी यावर लोकांचे लक्ष असे. मीही खांद्यावर पदर घट्ट लावून बसत असे. त्याच सुमारास घरी रेडिओवर आकाशवाणी सांगलीवरून हिराबाईंची ध्वनिमुद्रणे लागत. पुढे त्यांच्या तरुणपणच्या तसबिरी पाहिल्या. दोन्ही खांद्यांवर पदर, नजर समोर. ती बसण्याची ढब मला लगेच ओळखता आली.

खाँसाहेब १९३७च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या प्रवासात, मद्रासजवळ सिंगपेरुमाळ कोविल या स्टेशनावर गेले. त्यांचा देह मिरजेला आणला गेला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना विसावा मिळाला. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दर वर्षी होणारी संगीतसभा हे मिरजेचे वैभव आहे. जन्माच्या नात्याने विभागलेले हे घर सुरांत विभागले गेले नाही. मुलींनी दुसरे नाव लावले, तरी गाणे किराण्याचेच राहिले.

नाटक सुटले तरी हिराबाईंचे त्या जगाशी नाते सुटले नाही. १९३७च्या 'प्रतिभा' या बाबुराव पेंटरांच्या बोलपटात त्यांनी काम केले. नाट्यपदे मैफलीत येत राहिली. धाकट्या सरस्वतीबाई, पुढच्या सरस्वतीबाई राणे, १९४३च्या 'रामराज्य' चित्रपटासाठी गायल्या आणि देशभर पोहोचल्या. या दोन बहिणींनी रागदारीची जुगलबंदी सुरू केली. दोन स्त्रियांनी मिळून ख्याल गाणे तोवर कुणी ऐकले नव्हते. १९५३च्या फेब्रुवारीत सुरेशबाबू गेले. गुरूही तेच आणि भाऊही तेच. त्याच वर्षी भारताच्या सांस्कृतिक मंडळातून हिराबाई चीनला गेल्या. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण त्यांना मिळाले. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या नावाचा पुरस्कारही त्यांना मिळाला, याचे मला अधिक समाधान वाटते. सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडे शिकलेल्या प्रभा अत्रे यांनी पुढे हे गाणे जगभर नेले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात हिराबाई गेल्या.

कर्जाचा हिशेब अजून एका बाजूने पुरा करायचा राहिला आहे. ज्यासाठी ते काढले त्याचे काय झाले? कंपनी बंद पडली त्याच १९३३ साली मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे होत्या, स्त्रीची भूमिका स्त्रीने केली होती, आणि या गोष्टीला आता कुणी धाडस म्हणण्याऐवजी नवेपणा म्हणू लागले. दहा-पंधरा वर्षांत स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट हाच अपवाद झाला. नूतन मंडळीने एकटीने हे घडवले असे मी म्हणणार नाही. अनेकींनी त्यात आपले घातले. पण प्रतिष्ठा, नाव आणि चालते उत्पन्न हाताशी असताना जोखीम घेणारी, आणि तोटा आल्यावर एकेक पै चुकवून ती वाट पुढच्यांसाठी स्वच्छ ठेवणारी, अशी उदाहरणे थोडी. बँकेत अशा कर्जाला अनुत्पादक म्हणतात. त्याचे उत्पन्न कर्जदाराच्या खात्यावर जमा झाले नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ते दुसऱ्यांच्या खात्यांवर जमा झाले.

मिरजेत आज बालगंधर्वांच्या नावाचे नाट्यगृह आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नाट्यगृहात नाटक लागते तेव्हा पडदा वर जातो, नायिका येते, ती बाई असते, आणि प्रेक्षागृहात सासू, सून, नात शेजारी शेजारी बसलेल्या असतात. कुणालाही त्यात काही विशेष दिसत नाही. विशेष न दिसणे हीच या गावात जन्मलेल्या चंपाकलीच्या कर्जफेडीची पावती आहे.